आणखी एक फेरी

आबा फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा मी अकरावीत होते आणि मोहन, माझा धाकटा भाऊ, नववीत. त्याआधी आबा म्हणजे वर्षातली दोन महिन्यांची रजा, हिरवी लोखंडी ट्रंक आणि उरलेले दहा महिने निळ्या इनलँडवरच्या चार ओळी. त्या चार ओळींतल्या आबांवर आमचं फार प्रेम होतं. ट्रंकेतून अक्रोड निघायचे, आईला शाल निघायची, आणि रजा संपली की स्टेशनवर आम्ही तिघं रडत उभे राहायचो. सुभेदार होऊन, पेन्शन घेऊन ते घरी आले आणि आठवड्याभरात आमच्या लक्षात आलं की हा माणूस आम्हाला माहीतच नव्हता.

आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीच्या मागच्या अंगाला होतं, स्टेशनच्या इतकं जवळ की इंजिनाचा भोंगा झाला की मांडणीवरची पितळी भांडी हलायची. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर उघडी गच्ची. शेजारी पिठाची गिरणी, पलीकडं लेथचं वर्कशॉप. दिवसभर काहीतरी दळलं जायचं नाहीतर कापलं जायचं. या आवाजांत आबांनी आणखी एक आवाज आणला, शिट्टीचा. पाचला उठायची शिट्टी, साडेसहाला आंघोळी झाल्याची शिट्टी, जेवायच्या आधी एक. आईला पहिल्यांदा हसू आलं. "आमी काय पलटण हाय व्हय?" ती म्हणाली. आबा हसले नाहीत. महिन्याभरानं तीही हसायची बंद झाली, आणि शिट्टीच्या आधी दोन मिनिटं भाकरीचं शेवटचं पीठ मळून हात धुवायला शिकली.

आबांचा नियम साधा होता. घरात एकानं चूक केली तर सगळ्यांनी उपाशी राहायचं, आबांसकट. ज्यानं चूक केली त्यानं स्वतः पुढं येऊन सांगायचं, म्हणजे जेवण. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेणाऱ्याला दुप्पट शिक्षा. एका रविवारी आबांच्या रेडिओचं बटण तुटलेलं सापडलं. आईनं मटण केलं होतं, रश्श्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल. आबांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि चौघं भिंतीला टेकून बसलो. बारा वाजले, दोन वाजले. मोहननं मान खाली घातली होती. त्याचं काम होतं ते मला ठाऊक होतं, आईलाही असणार. तीन वाजता मला त्याचं तोंड बघवेना. मी म्हणाले, "आबा, मी तोडलं."

"कुठल्या हातानं?" आबांनी विचारलं.

मी उजवा हात पुढं केला. आबांनी रेडिओ माझ्यासमोर धरला. बटण डावीकडं होतं, आणि ते फिरवताना नव्हे तर रेडिओ खाली पडून तुटलं होतं. कोपरा चेपलेला दिसत होता.

"दुसऱ्याची शिक्षा चोरतीस व्हय गं?" आबा शांतपणे म्हणाले. "ही बी चोरीच हाय. वर जा. गच्चीत उभी ऱ्हा."

मी चैत्राच्या उन्हात तासभर उभी राहिले. चार वाजता मोहन रडत रडत पुढं आला. मग आबांनी त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि आम्ही वर चरबीचा थर धरलेला गार रस्सा खाल्ला. आबांचा चेहरा त्या वेळी इतका मोकळा, इतका आनंदी होता की तो मी आजवर विसरलेले नाही. त्यांना मटण नको होतं, मोहनचं पुढं येणं हवं होतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

हे सगळं त्यांनी कुठून आणलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. बर्फातली एक चौकी होती. त्यांच्या हाताखालचा एक जवान पहाऱ्यावर झोपला आणि तिघं मेले. कोण झोपलं होतं ते बाकीच्यांना माहीत होतं, पण तोंड कुणी उघडलं नाही. तो जवान आबांचा जिवाभावाचा, आपल्याच जिल्ह्यातला. शेवटी आबांनी स्वतः चौकशी करून त्याला पुढं केलं. त्याची नोकरी गेली, तुरुंग झाला. त्याची बायको एकदा आमच्या दारात येऊन आबांच्या नावानं बोटं मोडून गेली होती, ती मला अंधूक आठवते. "माणूस बघून न्याय करायचा नसतोय," आबा म्हणाले. "आणि एकाची चूक एकाची नसती. गोळी काय नाव इचारून लागती?" मी तेव्हा कॉलेजच्या वादविवाद मंडळात होते. आबांचं हे वाक्य मी एका स्पर्धेत माझं म्हणून वापरलं आणि बक्षीस मिळवलं.

मी कायद्याला गेले त्या सुमारास आबांनी भरतीला जाणाऱ्या पोरांचा वर्ग सुरू केला. टेंबलाईच्या टेकडीखालच्या माळावर रोज पहाटे पोरं जमायची. आजऱ्याकडची, गडहिंग्लजकडची, बिद्रीच्या आसपासची. कुणी नातेवाइकांकडं राहायची, कुणी माळालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आबांचा हात कडक, पण त्यांची पोरं भरतीत निघायची, त्यामुळं आईबाप स्वतः आणून सोडायचे आणि म्हणायचे, "सुभेदार, हाडं आमची, बाकी सगळं तुमचं." आबांनी नियम घरचेच लावले. एकाची चूक, सगळ्यांना फेरी. एकदा बाहेरगावाहून येताना एसटी चुकून आबा स्वतः पाच मिनिटं उशिरा पोचले, तर त्यांनी पोरांना सावलीत बसवून एकट्यानं पाच फेऱ्या मारल्या होत्या. पन्नाशीला आलेला माणूस, तोंड लालबुंद झालेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अशा माणसाला जुलमी म्हणायचं कसं?

वर्गाच्या दुसऱ्या वर्षीच्या पोरांत बसू होता. बसवराज. कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या गावचा, वाण्याचा मुलगा. आईला अव्वा म्हणायचा, बापाला अप्पा, आणि माझ्या आईलाही दुसऱ्याच रविवारी अव्वा म्हणू लागला. रविवारी लांबची धाव झाली की सगळी पोरं आमच्या घरच्या जेवणावर असायची. बसू लिंगायत, त्यामुळं रश्श्याला हात लावायचा नाही. आई त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात वरण्याची उसळ करायची आणि कुणाचा रश्श्याचा डाव त्यात जाऊ नये म्हणून ते पातेलं स्वतःच्या मांडीजवळ ठेवायची. तो गावाहून येताना कडक भाकऱ्यांची चवड आणि कारळ्याची चटणी घेऊन यायचा. मोहनची आणि त्याची जोडी जमली होती. मोहन बारावीत दोनदा नापास होऊन आबांच्या वर्गात दाखल झाला होता. त्याला फौज नको होती, पण ते सांगायचं धाडस नव्हतं. बसूला फौजेशिवाय काही नको होतं. धावताना तो मोहनच्या मागं राहायचा आणि मोहन थकला की पाठीवर दोन बोटांनी ढकलायचा, "चल की रं, हाय थोडंच."

एप्रिलमधला रविवार होता. माळापासून टेकडीला वळसा घालून परत, अशा पाच फेऱ्या. सगळ्या फेऱ्या होऊन आबा सुट्टी म्हणेपर्यंत पाणी नाही, हा कायमचा नियम. मी आठच्या सुमाराला ताकाची कळशी घेऊन निघाले. आई मागून नाश्ता घेऊन येणार होती. टेकडीच्या कुशीत एक कोरडा ओढा आहे, त्यातून गेलं की माळावर लवकर पोचता येतं. ओढ्यात बाभळीखाली मोहन बसला होता. शर्ट छातीपर्यंत वर ओढलेला, श्वास भात्यासारखा चाललेला. माझ्याकडं बघून तो दचकला.

"दोन फेऱ्यांना हिकडनंच गेलतो," तो म्हणाला. "रेखाताई, आबांना सांगू नगंस."

"अरे, कळलं तर?"

"कोण सांगणार? तू?"

वरून पावलांचा आवाज आला तसा तो उठला आणि झुडपातून घुसून पोरांच्या शेपटाला जाऊन मिळाला. मी कळशी कमरेवर घेऊन माळावर गेले.

पाचवी फेरी संपली. आबा मुरमाच्या ढिगावर उभे होते, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. "फॉलिन," ते म्हणाले. पोरं धापा टाकत रांगेत उभी राहिली.

"एकानं फेरी चुकवलीया," आबा म्हणाले. "त्यानं पुढं यायचं."

कुणी हललं नाही. मोहन दुसऱ्या रांगेत होता. बसू त्याच्या डाव्या हाताला. त्यालाही माहीत होतं, कारण तो मागं असायचा. आबांनी घड्याळाकडं बघितलं.

"आणखी एक फेरी."

पोरं गेली. वीस-पंचवीस मिनिटांनी परत आली. पुन्हा फॉलिन, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा गप्प. "आणखी एक फेरी." तोवर आई आली होती. तिनं पोह्यांचं पातेलं खाली ठेवलं आणि आबांकडं गेली. "अवो, ऊन चढलंय," ती म्हणाली. आबा म्हणाले, "ज्याला उनाची काळजी हाय, त्यानं पुढं यावं." आईनं माझ्याकडं बघितलं. मी कळशीवरचं फडकं नीट केलं. ते मला नक्की आठवतं, फडक्याची चारी टोकं मी नीट खोचली. माझ्या मनात काय होतं ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आले. भीती होती, पण तेवढीच नव्हती. मला वाटत होतं, मोहन येईलच आता. रेडिओच्या वेळी आला होता तसा. आबा हसतील, त्याच्या पाठीवरून हात फिरवतील, आणि सगळे ताक पितील.

तिसऱ्या जादा फेरीनंतर पोरांचे चेहरे ओळखू येत नव्हते. दोघांना उलट्या झाल्या, त्यांना आबांनी स्वतः धरून सावलीत बसवलं. बसूचा शर्ट कोरडा होता, हे आईच्या ध्यानात आलं. "ह्या पोराला घाम का न्हाय?" ती मला म्हणाली. फॉलिनमध्ये बसूनं मोहनकडं मान वळवून काहीतरी पुटपुटलं. मोहनचा चेहरा मला दिसत होता. त्यानं ओठ आवळले.

"आणखी एक फेरी," आबा म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज थोडा फाटला.

टेकडीच्या वळणावर बसू पडला. पोरं ओरडत आली. आम्ही पोचलो तेव्हा तो डोळे उघडे ठेवून कानडीत बोलत होता, एकसारखा, भराभर, जसं काही दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागलीये. अंग तव्यासारखं होतं. मी कळशीतलं ताक त्याच्या डोक्यावर ओतलं. आबांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि रस्त्यापर्यंत पळाले. दुधाचा टेम्पो अडवून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर उष्माघात म्हणाले, बर्फ लावला, सलाईन लावलं. बसू दुपारी चारच्या आत गेला. एसटीडी बूथवरून गावातल्या कुणाला तरी फोन करायचं काम माझ्याकडं आलं. पलीकडच्या माणसाला मी तीन वेळा सांगितलं तरी तो म्हणत होता, "कोण बसू? आमचा बसू न्हवं."

दवाखान्यातून आबा घरी आले नाहीत. तसेच चालत पोलीस ठाण्यात गेले, मी त्यांच्या मागं. गळ्यात अजून शिट्टी होती. ठाण्यातले साहेब आबांना ओळखत होते, त्यांचा भाचा आबांच्या हाताखालून भरती झाला होता. "सुभेदार, बसा," ते म्हणाले. "पोराला आधीचा काहीतरी आजार असंल. तसंच लिहूया. असं हुतंय की."

"आजार न्हवता," आबा म्हणाले. "हुकूम माझा. लिवा."

"अवो, घरचा इचार करा."

"लिवा साहेब. मी सांगतो तसं लिवा."

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. निष्काळजीपणानं मृत्यू म्हणजे किती वर्षं, ते मला तोंडपाठ होतं. मी त्यांच्या कानाशी लागले, "आबा, आत्ता काही लिहून देऊ नका." त्यांनी माझ्याकडं बघितलं ते आठवलं की अजून माझी नजर खाली जाते. त्यांनी सगळं लिहून दिलं, सही केली. फक्त एकच गोष्ट दिली नाही. फेरी कुणी चुकवली, या प्रश्नावर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

वर्षभर तारखा पडल्या. आमच्या एका प्राध्यापकांनी आपणहून वकीलपत्र घ्यायची तयारी दाखवली; आबांनी नको म्हणून सांगितलं. प्रत्येक तारखेला बसूचे अप्पा आजऱ्यावरून एसटीनं यायचे. पांढरी टोपी, कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी. भांडायचे नाहीत, बाकावर एका टोकाला बसून राहायचे. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात ते आबांच्या समोर येऊन उभे राहिले.

"साहेब, माझ्या पोराची चूक काय हुती?"

"त्याची चूक न्हवती," आबा म्हणाले.

"मग पळवलासा कशापाई?"

"सगळ्यांना पळवलं."

"सगळ्यांची पोरं घरला गेली की," अप्पा म्हणाले, आणि परत बाकावर जाऊन बसले.

मोहन त्या वर्षात घरात असून नसल्यासारखा होता. जेवायचा नाही, मग एकदम खूप जेवायचा. मला गाठून म्हणायचा, "मी सांगतो. पुढच्या तारखेला सांगतो." पुढची तारीख यायची आणि जायची. शेवटच्या दिवशी न्यायाधीशांनी आबांना विचारलं, गुन्हा कबूल आहे का. आबा म्हणाले, आहे. तेव्हा मागच्या बाकावर मोहन उभा राहिला. तोंड उघडलं होतं त्यानं, मी शपथेवर सांगते. आबांनी पिंजऱ्यातून मागं न वळता आवाज टाकला, "बस खाली!" माळावरचाच आवाज. सगळं कोर्ट दचकलं. आणि मोहन बसला. शिपायानं आबांना गप्प राहायला सांगितलं. आबांना दीड वर्षाची शिक्षा झाली, त्यांनी अपील केलं नाही. कळंब्याच्या तुरुंगात त्यांनी एक दिवसाची रजा मागितली नाही, आमची भेटही महिन्यातून एकदाच घेतली.

मोहन त्याच पावसाळ्यात हुबळीला निघून गेला आणि तिथं कुणाच्या तरी ट्रान्सपोर्टमध्ये लागला. आज तो साठीकडं झुकल्यासारखा दिसतो, माझ्यापेक्षा लहान असून. लग्न केलं नाही. वर्षातून एकदा फोन येतो आणि आम्ही हवापाण्याचं बोलतो. आबा सुटून आले त्या दिवशी आईनं त्यांचं ताट वाढलं आणि म्हणाली, "झाला न्याय? जेवा आता." त्यानंतर ती मरेपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. शिट्टी आबांनी कुठं टाकली कोण जाणे, पुन्हा दिसली नाही. पण पाचला ते उठायचेच, आणि आम्हीही. घरात कुणी सांगत नसताना आम्ही तिघं पाचला उठून, एकमेकांशी न बोलता, आपापल्या जागी बसून राहायचो.

पुढं मी सनद घेतली आणि कोल्हापुरातच वकिली सुरू केली. खून केलेल्यांच्या बाजूनं उभी राहिले, चोरांच्या, नवऱ्याला विष घातलेल्या एका बाईच्याही. आबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा गल्लीत सगळ्यांच्या हातात मोबाईल आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. एका दुपारी मी त्यांची दाढी करत होते. गिरणी बंद होती, त्यामुळं फार शांत वाटत होतं. आबा वाकड्या तोंडानं, सावकाश म्हणाले, "तू आता वकील हायस. माझी बाजू घ्यायची म्हटलीस तर काय बोलशील?"

मी वस्तरा बाजूला ठेवला. खरं सांगायचं तर हे भाषण मी मनात शंभर वेळा केलं होतं. म्हणाले, "तुमचा हेतू वाईट नव्हता."

"हेतू कुणाचाच वाईट नसतोय. फुडं."

"तुम्ही स्वतःच्या मुलाला वेगळं काढलं नाही. जो नियम दुसऱ्यांना, तोच त्याला."

"फुडं."

"चूक झाल्यावर पळाला नाहीत. पोलीस आजार होता असं लिहायला तयार होते, तुम्ही लिहू दिलं नाही."

आबा छताकडं बघत होते. "मी उनाकडं बघाय पायजे हुतं," ते म्हणाले. "ती माझी चूक. तिची सजा मी घेतली. नियमाची चूक न्हाय ती."

"आबा," मी विचारलं, "फेरी कुणी चुकवली ते तुम्हाला कधी कळलं?"

"तवाच. वर जाताना मोहन न्हवता, खाली येताना हुता. डोकी मी मोजत हुतो की."

माझ्या हातातला साबणाचा फेस वाळला होता. "मग त्याचं नाव का घेतलं नाही? त्याला एकट्याला बाहेर काढायचं होतं."

"काढून काय? त्याला शिक्षा मिळाली असती. मला शिक्षा द्यायची न्हवती गं." त्यांचा चांगला हात चादरीवर काहीतरी शोधत होता. "मला तो फुडं आलेला बघायचा हुता. वाटायचं, ह्या फेरीला यील. दर फेरीला वाटायचं."

"आणि कोर्टात आला तेव्हा?"

"येळ गेल्यावर आलेला आलेला नसतोय."

तेव्हा मी बोलले. का बोलले माहीत नाही. कदाचित मला वाटलं असेल की अर्धा मेलेला माणूस आहे, सोडून देईल. "आबा, मलाही माहीत होतं. मी ओढ्यात त्याला बसलेला बघितला होता. पहिली जादा फेरी निघायच्या आधीच मला माहीत होतं."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमचाच नियम होता. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर दुप्पट शिक्षा."

"मग घ्यायची हुतीस दुप्पट," आबा म्हणाले. "मोडायचा हुता नियम, आणि उभं ऱ्हायाचं हुतं. पोरगं वाचलं असतं."

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. दाढी अर्धी राहिली. त्यानंतर ते पाच महिने जगले आणि त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांचं सगळं केलं, आणि ते करून घेत राहिले, एखाद्या नर्सकडून करून घ्यावं तसं. त्यांचं ते उत्तर मी सगळीकडून तपासून बघितलं आहे. धंदाच तो आहे माझा. त्यांनी बसूला मारलं, मुलाला कायमचं मोडलं, आईला मुकं केलं. तरी त्यांच्या न्यायात मला एक फट सापडत नाही जिच्यातून मी बाहेर पडू शकेन. आणि त्या न्यायाच्या बाजूनं उभं राहायचं तर बसूचा कोरडा शर्ट आठवतो.

आबांच्या बाराव्यानंतर महिन्याभरानं मी एसटी धरून बसूच्या गावी गेले. कुणालातरी खरं सांगायलाच हवं होतं. दुकान रस्त्यावरच होतं. अप्पा फार वाळले होते, पण मला लगेच ओळखलं. "या," म्हणाले, गोणपाट झटकून बसायला दिलं. आबा गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी सगळं सांगितलं. मोहननं फेरी चुकवली होती ते, आबांना माहीत होतं ते, मला माहीत होतं ते. ते ऐकताना गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हातानं वारत होते. माझं संपल्यावरही वारत राहिले.

"हे सांगून तुमाला बरं वाटलं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही.

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मलाबी न्हाय," ते म्हणाले. "एका माणसानं मारलं आणि त्यानं कबूल केलं, एवढ्यावर मी दिवस काढलं. आता तुमी आणखी दोघं आणून बसवलासा माझ्या म्होरं. मी कुणाकुणाला धरू, बाई? माझं वय झालं."

मी उठले. तेवढ्यात आतून बसूची आई आली, हातात चहाचे दोन कप. तिला ऐकू कमी येतं, तिनं काही ऐकलं नव्हतं. मी कोण ते अप्पांनी मोठ्यानं सांगितल्यावर तिनं कप खाली ठेवले आणि माझे दोन्ही हात धरले. तिचे हात खरखरीत आणि गरम होते.

"सुभेदाराची पोरगी व्हय तू?" ती मोठ्यानं म्हणाली. "लई कडक माणूस तुझा बाप. माझं लेकरू खाल्लं त्यानं. पर खोटं बोलला न्हाय. आमचं हे सांगत्यात की, पोलीस आजार म्हणून लिवत हुते, त्यानं लिवू दिलं न्हाय. आजकाल कोण आपली चूक आपल्या तोंडानं सांगतंय, सांग?"

अप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांनी डोळ्यांनीच मला बजावलं, काही बोलू नका म्हणून.

"चा घे," ती म्हणाली. "साखर बगून घे, मला आता अंदाज येत न्हाय."

मी बसले आणि चहा घेतला.